मुलगी म्हणते "मी अँड्रोजिनस आहे", घरचे म्हणतात हार्मोन्स तपासा. काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो असा समजला. मुलगी 19 वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीला केस बारीक कापून घरी आली. कुर्ते कपाटात पडून आहेत, भावाचे शर्ट घालते. एका रात्री जेवताना म्हणाली, "आई, मी अँड्रोजिनस आहे." तुम्ही मराठी अर्थ शोधला तर 'उभयलिंगी' हा शब्द मिळाला आणि खाली गांडुळाची माहिती. तुम्ही धसकाच घेतलात. यजमान म्हणतात, हार्मोन्स तपासू, गोळ्यांनी ठीक होईल. सासूबाई कोल्हापूरच्या, त्या म्हणाल्या, "अर्धनारीश्वराचं रूप हाय ते, कशाला घाबरतीस?" आणि तुम्ही विचारताय, तपासण्या कोणत्या करायच्या आणि दाखवायचं कुणाला.

मी गेली 26 वर्षं लहान मुलांच्या आणि वयात येणाऱ्यांच्या हार्मोन्सचं काम करते. तुमच्यासारखं कुटुंब दर महिन्याला एक तरी समोर येऊन बसतं. फाईल आईच्या मांडीवर असते, बोलतात वडील, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते पोर खिडकीबाहेर बघत असतं. अशा वेळी मला बहुतेकदा एकच दिसतं: घरातली तिघं एकच शब्द वापरतायत आणि तीन निराळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. तुमचे यजमान शरीराबद्दल बोलतायत. सासूबाई देवाबद्दल. मुलगी स्वतःबद्दल. मराठीत या तिन्हीला आपण 'उभयलिंगी' नाहीतर 'अर्धनारी' म्हणतो. स्त्री आणि पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या माणसालाही पुष्कळदा तोच 'उभयलिंगी' चिकटवतात, म्हणजे हा चौथा अर्थ. तेव्हा आधी हे सोडवून घेऊ, मग तपासणीचं आपोआप कळेल.

शरीरापासून सुरुवात करते, कारण तातडीचं काही असलंच तर ते तिथेच असतं.

आईच्या पोटात पहिले सहा आठवडे प्रत्येक गर्भाकडे दोन्हीची तयारी असते. बीजग्रंथी एकाच प्रकारची असते, तिचं पुढे अंडाशयही होऊ शकतं आणि वृषणही. शेजारी नलिकांच्या दोन जोड्या असतात: एका जोडीपासून गर्भाशय आणि बीजवाहिन्या होतात, दुसरीपासून पुरुषाच्या वीर्यवाहिन्या. वाय गुणसूत्रावर 'एसआरवाय' नावाचं जनुक असतं, ते 1990 मध्ये सापडलं. ते जागं झालं की ग्रंथीचं वृषण व्हायला लागतं, वृषण दोन संप्रेरकं (हार्मोन्स) सोडतं, एक जोडी विरते आणि दुसरी वाढते. ते नसेल तर उलट. बाहेरचे अवयवही एकाच उंचवट्यापासून घडतात. पुरुषांच्या छातीवर स्तनाग्रं का असतात, हे मुलं मला वर्गात नेहमी विचारतात. ती या वेगळेपणाच्या आधी ठरून गेलेली असतात म्हणून. तुमच्या मुलीचं शरीर, मुलाचं शरीर, माझं, यजमानांचं, सगळ्यांची सुरुवात या सामाईक जागेतून झाली आहे.

हार्मोन्सचंही तसंच. 'पुरुषी हार्मोन' आणि 'बायकी हार्मोन' ही नावं सोयीची आहेत, पण दोन्ही सगळ्यांच्या रक्तात असतात. स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन तयारच होतं ते पुरुषी म्हणवल्या जाणाऱ्या अँड्रोजेनपासून. मुलग्यांची उंची वाढायची थांबते, हाडांची टोकं जुळून येतात, ती इस्ट्रोजेनमुळे. आणि सत्तरीतल्या आजोबांच्या रक्तात सत्तरीतल्या आजीपेक्षा सहसा इस्ट्रोजेन जास्त असतं. त्यावरून आजोबांना कुणी बाई म्हणत नाही. म्हणून मला 'हार्मोन्स तपासू' या वाक्याची काळजी वाटते. कागदावर एखादा आकडा थोडा वर दिसला, तर घरचे त्याला मुलीच्या बोलण्याचं कारण ठरवून मोकळे होतील.

आता ते गांडूळ. जीवशास्त्रात उभयलिंगी म्हणजे ज्याच्या एकाच शरीरात स्त्रीबीज आणि पुंबीज दोन्ही तयार होतात असा जीव. गांडूळ तसंच आहे. जास्वंदीच्या फुलातही परागकोश आणि अंडाशय दोन्ही असतात. शहादा-नंदुरबारकडचा पपई बागायतदार याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा छान सांगेल. 'तैवान 786' लावली की काही झाडं मादी निघतात आणि काही उभयलिंगी. मादीचं फळ गोलसर, उभयलिंगी झाडाचं लांबट. काही जीवांत लिंग वयाबरोबर बदलतं. माझं माहेर अलिबागकडचं, तिथे पाहुणा खासा असेल तर जिताडा आणतात. हा मासा आयुष्याची सुरुवात बहुधा नर म्हणून करतो आणि वाढत गेला की मादी होतो, त्यामुळे ताटात मोठ्ठा जिताडा आला तर तो बहुतेक 'ती' असते. हेकरू या माशाचं उलटं, आधी मादी आणि मग नर. निसर्गात हे इतकं सर्रास आहे की कोळणींना त्याचं नवल नसतं.

पण या अर्थानं माणूस उभयलिंगी नसतो. एकाच माणसात अंडाशय आणि वृषण दोन्हींच्या पेशी सापडणं फार म्हणजे फार विरळ, आणि तेव्हाही गांडुळासारखं दोन्ही बाजूंनी प्रजनन होत नाही. तुमच्या मुलीनं वापरलेला शब्द आणि तुम्हाला सापडलेला अर्थ यांचा इथे काही संबंध नाही. ती पाठ्यपुस्तकातली व्याख्या मनातून काढून टाका.

माणसात जे होतं ते असं की गुणसूत्रं, ग्रंथी, आतले अवयव आणि बाहेरचे अवयव हे चारही नेहमी एका ओळीत येत नाहीत. पूर्वी अशा माणसांसाठी फार वाईट शब्द वैद्यकीय पुस्तकांत होते. 2006 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकमतानं ते बाजूला ठेवले. आता अशा व्यक्तींना मराठीत 'आंतरलिंगी' म्हणतात. यातले दोन प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिला माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला. रात्री साडेअकराला बारा दिवसांचं बाळ आलं. दूध टिकत नव्हतं, डोळे खोल गेलेले, पोटावरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. कागदावर 'मुलगा' लिहिलेलं होतं. गावात पेढे वाटून झाले होते. मी लंगोट सोडला. पिशवी होती, पण आत बोटांना वृषणाच्या गोळ्या लागत नव्हत्या, एकही नाही. "उतरल्या नाहीत अजून, उतरतील," असं जन्माच्या वेळी सांगितलं गेलं होतं. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला: सोडियम 116, म्हणजे फार कमी, आणि पोटॅशियम 8 च्या जवळ, म्हणजे फार जास्त. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमध्ये एक विकर (एन्झाइम) कमी असलं की कॉर्टिसॉल हे हार्मोन बनत नाही, शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही, आणि कच्चा माल अँड्रोजेनकडे वळतो. म्हणून मुलीचे बाहेरचे अवयव मुलासारखे दिसायला लागतात. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन दिलं. पहाटे चारला बाळानं पहिल्यांदा जोरात टाहो फोडला. आत गर्भाशय होतं, अंडाशयं होती, गुणसूत्रं 46 एक्सएक्स, म्हणजे सहसा मुलीची असतात तशी. वडील सकाळी व्हरांड्यात मला म्हणाले, "आता बर्फी वाटायची का, मॅडम?" ते खरंच विचारत होते. लोकांना काय सांगायचं या विचारानं त्यांचा आवाज कापत होता. मी म्हटलं, वाटा, आणि बाळ वाचलं म्हणून वाटा. ती मुलगी आता कॉलेजात आहे, रोज गोळ्या घेते, ठणठणीत आहे.

नवजात बाळाच्या बाबतीत शंका आली की मी कुणाचं काही ऐकत नाही, त्याच दिवशी तपासायला लावते. वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठीही हे लिहिते: बाळाच्या पिशवीत दोन्ही गोळ्या हाताला लागत नसतील आणि बाळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उलट्या करत सुकत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

दुसरी मुलगी 16 वर्षांची. उंच, नितळ चेहरा, स्तनांची वाढ व्यवस्थित, पण पाळी आली नव्हती. सोनोग्राफीत गर्भाशय नाही. गुणसूत्रं 46 एक्सवाय, म्हणजे सहसा मुलाची असतात तशी. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन भरपूर बनत होतं, पण पेशींना त्याची हाकच ऐकू येत नव्हती, म्हणून शरीर मुलीचं घडलं. आई मला म्हणाली, "म्हणजे डॉक्टर, ही मुलगा आहे?" मुलगी शेजारीच बसली होती. मी आईला काही बोलायच्या आधी मुलीकडे वळले आणि विचारलं, "तू कोण आहेस?" ती म्हणाली, "मुलगीच की." त्यावर मला काही शिकवायचं नव्हतं. पुढची वर्षं आम्ही तिच्या ग्रंथींची आणि हाडांची काळजी घेत गेलो. गुणसूत्रांच्या कागदावरून माणसाला तू अमुक नाहीस असं सांगितलं की काय होतं, हे आपण तमिळनाडूच्या धावपटू शांती सौंदराजन यांच्या बाबतीत पाहिलंय. 2006 च्या दोहा एशियाडमध्ये 800 मीटरमध्ये मिळवलेलं रौप्यपदक लिंगचाचणीनंतर त्यांच्याकडून काढून घेतलं. त्या बातम्या आठवल्या की आजही माझा जीव कळवळतो.

आता तुमच्या लेकीचं. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही: तिची पाळी. ती वेळेवर सुरू झाली असेल, बऱ्यापैकी नियमित असेल, चेहऱ्यावर-छातीवर जाड राठ केस अचानक वाढत नसतील, आवाज गेल्या काही महिन्यांत घोगरा झाला नसेल, तर केस कापले आणि शर्ट घातला एवढ्यासाठी एकही रक्ततपासणी मी लिहून देणार नाही. पंधरा वर्षं उलटून गेल्यावरही पाळी आलीच नसेल, किंवा येऊन पुढे महिनोन् महिने गायब असेल, तर तपासा. पण ते तिच्या तब्येतीसाठी. यात पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड, निघण्याची शक्यता सगळ्यात मोठी, तो आजकाल घरोघरी आहे. त्याचे उपचार घ्या, जरूर घ्या. मात्र त्या गोळ्यांनी तिनं जेवताना सांगितलेलं वाक्य बदलेल अशी आशा धरू नका. माणूस स्वतःला काय समजतो हे दाखवणारी रक्ताची, लघवीची, सोनोग्राफीची, एमआरआयची कसलीच चाचणी नाही. यजमानांना हे माझ्या नावानं सांगा. 'हार्मोन्स वाढलेत म्हणून असं वाटतंय' हा समज मी इतक्या घरांत पाहिलाय, आणि त्यापायी मुलांना महिनोन् महिने नको ती औषधं दिलेली पाहिलीत.

शरीराचं एवढंच. आता सासूबाईंकडे येऊ. त्यांनी घाईत काहीतरी बोलून टाकलं असं मला वाटत नाही.

घारापुरीला जाल तेव्हा मोठ्या महेशमूर्तीच्या शेजारच्या पटापाशी थोडं थांबा. अर्धनारीश्वराची मूर्ती साडेसोळा फुटांहून उंच आहे, सहाव्या शतकाच्या सुमाराची. उजवी बाजू शंकराची, डावी पार्वतीची. शंकराचा एक हात नंदीवर टेकलेला, पार्वतीच्या मागच्या हातात आरसा. डावीकडे स्तन आणि बाहेर झुकलेली कंबर, उजवीकडे सपाट छाती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मेडिकलला होते, आणि शवविच्छेदनाची सवय लागलेल्या डोळ्यांनी दोन भाग कुठे जुळतात ते शोधत होते. मधोमध रेघ कुठेच नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत एकच वळण उतरत येतं. चेहऱ्यावर एकच शांत भाव. शिल्पकारानं दोन अर्धी माणसं जोडलेली नाहीत.

ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'च्या पहिल्याच प्रकरणात शिव आणि शक्तीला वंदन केलंय. तिथले दाखले साधे, घरातले आहेत: फुलं दोन पण वास एक, दिवे दोन पण उजेड एक, ओठ दोन पण निघणारी गोष्ट एक, डोळे दोन पण दृष्टी एक. श्वेताश्वतर उपनिषदात परमात्म्याला उद्देशून म्हटलंय, "त्वं स्त्री त्वं पुमानसि", तूच स्त्री आहेस, तूच पुरुष आहेस. वारकरी तर पंढरपुरात कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाला 'विठाई माउली' म्हणून हाक मारतात आणि ज्ञानेश्वरांनाही 'माउली'च म्हणतात. आमच्याकडे पुरुष संतांनी गौळणी लिहिल्या, विराण्या लिहिल्या, गोपी होऊन कृष्णासाठी व्याकूळ झाले. आमच्या शेजारचे ऐंशी वर्षांचे, झुपकेदार मिशांचे बुवा गौळण गाताना पदराचं टोक धरल्यासारखी बोटं करायचे आणि ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कुणालाही त्यात खटकलं नाही.

पण या सगळ्याचा विषय परमेश्वर आहे, विश्वाचं मूळ आहे, भक्ताचं मन आहे. कुणा एका माणसानं आपल्याला काय म्हणवून घ्यावं, हा तिथला प्रश्न नाही. गौळण लिहिणारे संत घरी पुरुष म्हणूनच राहिले. म्हणून "तू अर्धनारीश्वर आहेस" हे आजीचं वाक्य मायेचं असलं तरी मुलीनं जे सांगितलं त्याचा तो अनुवाद नव्हे. त्यात मला एक धोकाही दिसतो, तो स्पष्ट लिहिते. देव्हाऱ्यात बसवणं आपल्याला सोपं जातं. तृतीयपंथी माणसाकडून बाळाला आशीर्वाद घेतो आणि तोच माणूस भाड्यानं खोली मागायला आला की दार लावून घेतो. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांनी मला हे रडत सांगितलंय. मुलांना देवपण नको असतं, घरात जागा हवी असते.

तरीही धर्म आणि ओळख यांची गाठ कुठेच पडत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सासूबाई कोल्हापूरच्या असतील तर त्यांनी यल्लम्माचे जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले पुरुष, लहानपणापासून पाहिले असणार. सौंदत्तीच्या यात्रेला जाणारे, साडी नेसलेले, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवी बसवलेली टोपली, घेतलेले, सोबत चौंडकं हे वाद्य. त्यातल्या काहींना खरोखर आपण स्त्री आहोत असं आतून वाटतं आणि देवीनं त्यांना तसं जगायला एक वाट दिली. काहींना मात्र केसांत जट आली किंवा आईनं नवस केला म्हणून लहानपणीच देवीला सोडलं गेलं, त्यांना कुणी विचारलंच नाही. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. एक वाट स्वतः सापडलेली आणि दुसरी लादलेली. माझ्यासाठी सगळा फरक इथे आहे, आणि तो साडीवरून किंवा शर्टवरून ओळखता येत नाही. विचारावं लागतं.

म्हणून आता मुलीकडे. 'अँड्रोजिनस' हा शब्द ग्रीक, 'पुरुष' आणि 'स्त्री' या दोन शब्दांचा जोड. तिच्या वयाची मुलं तो निदान दोन अर्थांनी वापरतात. एक, दिसण्याचा: माझे कपडे, केस, वावर बघून मुलगा की मुलगी असं पटकन ठरवता येऊ नये, मला तसं आवडतं. दुसरा, ओळखीचा: मला आतून मी पुरती स्त्री वाटत नाही, पुरता पुरुषही नाही, दोन्ही किंवा मधलं काही वाटतं. या दुसऱ्याला आता बरेच जण 'नॉन-बायनरी' म्हणतात. दोन्ही अर्थ एकाच माणसात असू शकतात, पण पहिल्यावरून दुसरा ठरत नाही. बालगंधर्व आठवा. भामिनी आणि सिंधू रंगवताना त्यांनी नेसलेल्या साड्यांची, घातलेल्या दागिन्यांची नक्कल पुण्यामुंबईच्या बायका करायच्या, आणि रंगभूमीबाहेर ते नारायणराव राजहंस होते. दिसणं एक, असणं एक. स्वभावाचा म्हणून तिसराही एक अर्थ आहे. 1974 मध्ये सँड्रा बेम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 60 गुणांची एक प्रश्नावली केली: 20 पुरुषी समजले जाणारे, 20 बायकी समजले जाणारे, 20 तटस्थ. कणखरपणा आणि कोमलपणा दोन्ही भरपूर असलेल्यांना त्यांनी अँड्रोजिनस म्हटलं. त्या अर्थानं घर एकहाती चालवलेल्या आपल्या कितीतरी आज्या त्यात बसतील. ती कुणाकडे आकर्षित होते हा याहून पूर्ण वेगळा प्रश्न आहे, तिनं तो काढलेला नाही, तुम्हीही आत्ता काढू नका.

तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली होती, माझं लक्ष सगळ्यात जास्त तिच्याकडे गेलं. मुलगी आता "मी आलो, मी जेवलो" म्हणते आणि तुमच्या पोटात गोळा येतो, पण सासूबाईंना काहीच वाटत नाही. ताई, सासूबाईंना वाटणार कसं? कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली आणि बायका जन्मभर "मी आलो", "मी जातो" असंच म्हणत आल्यात. त्यांच्या कानाला ते मायेचं बोलणं आहे. तुमच्या कानाला तेच पुरुषाचं वाटतं, कारण तुम्ही "आले, गेले"च्या भागात वाढलात. म्हणजे त्याच 'मी आलो'मध्ये एका घरात दोन अर्थ आहेत, आणि मुलगी त्या दोन्ही कानांमध्ये वाढली.

आपल्या भाषेत ही अडचण खरी आहे. 'मी जातो' की 'मी जाते', हे ठरवल्याशिवाय मराठीत साधं घराबाहेर पडता येत नाही. इंग्रजीत स्वतःबद्दल बोलताना हा प्रश्न येत नाही. माझ्याकडे येणारी बरीच तरुण मुलं मला सांगतात की इंग्रजीत बोलताना छातीवरचं ओझं उतरतं आणि घरी मराठीत शिरलं की प्रत्येक वाक्याला ठेच लागते. पण नीट ऐकलंत तर मराठीत वाटा पुष्कळ आहेत. 'मला भूक लागली.' 'मी भात केला.' 'मला निघायचंय.' 'मी येणार आहे.' यांत बोलणाऱ्याचं लिंग कुठेच कळत नाही. भविष्यकाळात तर कुणालाच नाही: तो येईल, ती येईल, मी येईन, तू येशील. एका मुलानं मला हे दाखवून दिलं, त्याआधी पन्नास वर्षं मराठी बोलूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हापासून समोरचं पोर काय म्हणवून घेतं हे कळेपर्यंत मी अशीच वाक्यं वापरते. "काय घेशील? पाणी आणू?" बोलणं अडत नाही.

आता प्रत्यक्षात काय कराल. आज-उद्या ती निवांत असताना, वडील समोर नसताना विचारा, "त्या दिवशी तू सांगितलंस त्याचा अर्थ मला नीट समजून घ्यायचाय. तुझ्यासाठी तो काय आहे?" मग मध्ये न बोलता ऐका. "हे कायमचं आहे का?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर येईल, तो गिळा. तिलाही ते कदाचित माहीत नसेल, आणि 19 व्या वर्षी माहीत असायलाच हवं असंही नाही. काहींसाठी ही थोड्या काळाची चाचपणी असते, काहींसाठी आयुष्यभराची ओळख. दोन्ही मी पाहिलंय, आणि पहिल्या वर्षात कुठलं काय आहे हे मलाही ओळखता आलेलं नाही. दोन्हीत आईनं वागायचं मात्र सारखंच.

लक्ष कशाकडे ठेवायचं ते सांगते. झोप, जेवण, कॉलेजला जाणं, मैत्री. हे नीट असेल तर घाई कसलीच नाही. ती खोलीतून बाहेर येईनाशी झाली, हातावर जखमा दिसल्या, जगण्यात अर्थ नाही असं बोलली, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारचा 'टेली मानस'चा 14416 हा क्रमांकही आहे. आणि एक गोष्ट बहुतेक आयांच्या ध्यानात येत नाही. घरातली क्रेप बँडेजं कमी व्हायला लागलीत का बघा. छाती सपाट दिसावी म्हणून मुली ती घट्ट गुंडाळतात. श्वास घेताना छाती फुगते पण बँडेज आवळतच जातं, आणि बरगड्यांना, कातडीला इजा होते. एक मुलगी माझ्याकडे अशीच आली होती, बगलेखाली दोन्ही बाजूंना लालभडक वळ, खोल श्वास घेतला की कळवळायची. तिनं हे घरी सांगितलं नव्हतं कारण सांगण्यासारखं घर उरलं नव्हतं. तसं काही दिसलं तर रागावू नका. घट्ट स्पोर्ट्स ब्रा किंवा यासाठीच बनवलेला बाईंडर चालतो, तोही आठ तासांपेक्षा जास्त नाही, झोपताना आणि खेळताना नाही.

समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत विचारा, "तुम्ही हिला बदलणार आहात का?" उत्तर 'हो' आलं तर उठून या. अशी 'बदलण्याची' थेरपी हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही त्याच वर्षापासून लिंगओळखीचा हा भाग मानसिक विकारांत धरलेला नाही. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या निकालात आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या त्या व्यक्तीलाच दिला. यजमानांना कागद लागत असेल तर हे तीन कागद दाखवा. माझा अनुभव असा की वडिलांना ओरडायचं नसतं, काहीतरी दुरुस्त करायचं असतं. त्यांना एक काम द्या. तिला चष्म्याच्या किंवा दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं असेल तर तेच घेऊन जाऊ देत, वाटेत दोघं बोलतील.

सासूबाईंना गप्प करू नका. मुलीला मात्र एकदा विचारा, आजीनं तसं म्हटलेलं तिला आवडतं का. आवडत असेल तर आजी-नातीचं ते आपसातलं बोलणं राहू द्या.

पाळीबद्दल आणि मी विचारलेल्या बाकीच्या खुणांबद्दल तेवढं तिच्याशी बोलून पाहा. काही वावगं असलं तर कळवा, मग कोणती तपासणी आधी करायची ते सांगेन. सगळं ठीक असेल तर लॅबमध्ये वेळ घेतली असेल तर ती रद्द करा, आणि तसं केलंय हे तिला सांगा.